धबधब्याचे छायाचित्र आणि नदीचा हिशेब

श्रावणातल्या कोणत्याही शनिवारी पहाटे नगर रस्त्यावर उभे राहावे. पश्चिमेकडे निघालेल्या मोटारींमध्ये एक जात हटकून ओळखू येते. मागच्या काचेशी टेकलेली तिपाई, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले कॅमेरे, दोनचार जादा टॉवेल आणि चहाचा थर्मास अशी त्यांची सामग्री असते. भंडारदरा, रंधा, घाटघर, सांदण असा त्यांचा मार्ग ठरलेला असतो. रविवारी रात्री ही मंडळी चिंब होऊन परततात आणि सोमवारी शिक्षककक्षांत, बँकांत, कचेऱ्यांत त्यांनी टिपलेले धबधबे या भ्रमणध्वनीवरून त्या भ्रमणध्वनीवर वाहू लागतात. छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर आणि आमचे बिडकीन या सपाट मुलखात ही हौस गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. ज्यांच्या डोळ्यांपुढे वर्षातले आठ महिने ढेकळे आणि धूळ असते, त्यांना कोसळत्या पाण्याची ओढ वाटावी यात नवल ते काय?

या हौसेची टिंगल करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. तो स्वतःच त्या मोटारींपैकी एकीत अनेकदा बसलेला आहे. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला एक खोड जडते. कोणतीही वस्तू फुकट मिळताना दिसली की तिची किंमत कोण मोजतो आहे, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. धबधब्याच्या छायाचित्राला तर कोणी पैसा मागत नाही. पाणी वरच्या कड्यावरून येते, खालच्या डोहात पडते आणि चौकट तेथे संपते. ते पाणी कोणाच्या डोंगरावर पडले होते, कोणी सोडले म्हणून वाहिले आणि पुढे कोणाच्या वाट्याला गेले, हे चौकटीबाहेर राहते. भंडारदऱ्याच्या बाबतीत ही उणीव अधिक खटकते. कारण बिडकीनहून भंडारदऱ्याला जाणारा प्रवासी ज्या पाण्याचे चित्र काढतो, त्याच पाण्यावर त्याचे गाव हक्क सांगत आले आहे. आपल्याच पाण्याचे चित्र काढून माणूस परततो आणि ते आपले होते हे त्याच्या गावीही नसते.

आधी आमच्या भूगोलाविषयी थोडे. बिडकीन शहर आणि पैठण यांच्या साधारण मध्यावर आहे. जमीन दक्षिणेला गोदावरीकडे हलकेच उतरत जाते. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. येथे धबधबा शोधू जाणे व्यर्थ. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला मात्र अजिंठ्याच्या डोंगरात वाघूर नदी पायऱ्यापायऱ्यांनी उड्या घेत सप्तकुंडात उतरते. वेरुळलाही एकोणतिसाव्या लेण्याजवळ पावसाळ्यात पाणी कड्यावरून कोसळते आणि लोक त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. अजिंठ्याची लेणी ज्या नालाकृती दरीत कोरली आहेत, ती दरीच वाघूरने कापलेली आहे. म्हणजे जगप्रसिद्ध लेण्यांना भिंत पुरविली ती एका लहानशा नदीने.

छायाचित्रणाशीही आमच्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे राबून केलेल्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता आणि त्याने टिपलेल्या लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या काळी काचेच्या पट्टीवर जागीच रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. पट्टी इतकी मंद की वाहते पाणी कापसाच्या पेळूसारखे पांढरे उमटायचे. त्या पिढीला तो दोष वाटे. आज आमची तरुण मंडळी तोच दोष मुद्दाम उत्पन्न करण्यासाठी भिंगापुढे गडद काच लावतात, तिपाई रोवतात आणि झडप अर्धा सेकंद उघडी ठेवतात. पाण्याचा रेशमी पदर झाला की समाधानाने माना डोलावतात. पाणी खरोखर कधीच तसे दिसत नाही. सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेले चित्र, ज्यात थेंब वेगवेगळे दिसतात, तेही डोळ्याला दिसलेले पाणी नव्हे. छायाचित्र खरेच बोलते ही समजूत निदान धबधब्यापुरती तरी सोडून द्यावी.

भंडारदऱ्याचा रस्ता जवळजवळ सबंध प्रवरा नदीच्या सोबतीने जातो. सुमारे दोनशे किलोमीटरच्या या प्रवासात आपण एक नदी मुखाकडून उगमाकडे वाचत जातो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण सर्वांचे लक्ष शेवटच्या तीस किलोमीटरांवर असते. कायगाव टोक्याचा पूल ओलांडताना गाडी थांबवावी. तेथे प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडे टोक्याचे सिद्धेश्वराचे देखणे दगडी मंदिर आहे आणि समोर पसरलेला जलाशय हा नाथसागराचा फुगवटा. या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे सत्त्याहत्तर अब्ज घनफूट, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी बसलेल्या भाषेत सत्त्याहत्तर टीएमसी. संभाजीनगरचे नळ, वाळूजचे कारखाने, डाव्या-उजव्या कालव्यांवरची शेती आणि आता शेंद्रा व बिडकीन येथे सुमारे दहा हजार एकरांवर उभारली जाणारी ऑरिक ही उद्योगनगरी, या सर्वांची मदार याच पाण्यावर आहे. त्या दहा हजारांतला मोठा वाटा बिडकीनच्या शिवाराचा आहे. जेथे कालपर्यंत कपाशी आणि तूर होती तेथे उद्या मोटारी तयार व्हायच्या आहेत, आणि त्या पाण्याशिवाय तयार होत नाहीत.

टोक्यापासून पुढे नेवासे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच प्रवरेच्या काठी. पैठण आणि नेवासे या दोन गावांना जोडणारी वाट ज्ञानदेवांच्या चरित्रातून गेलेली आहे. आपण ती तासाभरात संपवतो. श्रीरामपूर, बाभळेश्वर, लोणी. रस्त्याच्या दुतर्फा ऊस लागतो आणि तो संगमनेरपर्यंत पाठ सोडत नाही. येथे छायाचित्रासाठी कोणीही थांबत नाही. मला मात्र या पट्ट्यात थांबावेसे वाटते. महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाची एक फार मोठी घटना येथे घडली आहे. ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या प्रवरा कालव्यांनी या दुष्काळी टापूचा कायापालट कसा केला, याची पाहणी धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. सिंचनाचा लाभ केवळ सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीत मोजू नये, त्या पाण्याने गावात जो व्यापार, जी मजुरी, जी मागणी निर्माण होते तीही धरावी, हा विचार त्यात मुळाशी होता. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी गाडगीळच होते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने एवढे भाग्य क्वचितच पाहिले असेल, की आधी अहवाल लिहावा आणि मग त्या अहवालातल्या शेतकऱ्यांबरोबर कारखान्याच्या सभेत बसावे.

पण या सुबत्तेचा उगम कोठे? तो पाहायला अकोले, राजूर असे वर चढत जावे लागते. डावी-उजवीकडे भाताची खाचरे दिसू लागतात, हवा गार होते आणि रंध्याच्या फाट्यावर पहिला गलका ऐकू येतो.

रंधा हा प्रवरेचा धबधबा. दीड-पावणेदोनशे फूट खोल घळीत नदी स्वतःला झोकून देते आणि खालच्या अरुंद कातळभिंतींमधून वाट काढीत पुढे जाते. ही घळ कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक बसलेले आहेत. त्यांतले काही कठीण, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी खालचा ठिसूळ थर पोखरते, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, एक दिवस त्याचा तुकडा कोसळतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. म्हणजे धबधब्यापुढची घळ ही त्याने मागे सरकताना सोडलेली वाट असते. छायाचित्रकारांना येथे माझी एक सूचना आहे. सर्वजण कठड्यापाशी उभे राहून धबधबा समोरून घेतात. नुसत्या प्रपातापेक्षा त्याच्या खालची घळ चौकटीत अधिक घ्यावी, म्हणजे नदीने काय काम केले आहे ते कळते. ढगाळ सकाळ त्यासाठी उत्तम. उन्हात घळीचा तळ काळाकुट्ट आणि आकाश पांढरेफटक येते आणि कॅमेरा कितीही महागडा असला तरी दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. रंध्याजवळच नदीचे पाणी वळवून कोदणी येथे वीज निर्माण केली जाते. त्यामुळे पावसाळा ओसरला की प्रपाताचा डौल राहत नाही. दिवाळीत जाऊन निराश झालेले प्रवासी निसर्गाला बोल लावतात. निसर्गाचा त्यात काही दोष नसतो.

रंध्याहून दहा-एक किलोमीटरवर शेंडी गाव आणि तेथे विल्सन धरण. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगडी बांधकामाची सुमारे २७० फूट उंचीची ती भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणली जाई. पाणीसाठा अकरा अब्ज घनफूट. आणि भंडारदऱ्याचे सर्वांत लोकप्रिय छायाचित्र, ज्याला अंब्रेला फॉल म्हणतात, तो नैसर्गिक धबधबा नव्हेच. धरणाच्या मोरीतून पाणी सोडले की ते पायथ्याच्या गोलसर कातळावरून छत्रीसारखे पसरत खाली येते. पाटबंधारे खात्याचा कर्मचारी चाक फिरवतो तेव्हा निसर्गसौंदर्य सुरू होते; उलटे फिरवतो तेव्हा थांबते. माझ्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याला हे कळले तेव्हा तो हिरमुसला. मला वाटते त्याने हिरमुसण्याऐवजी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, की चाक केव्हा फिरवायचे हे कोण ठरवतो?

धरणाच्या पाठीमागून जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला जाता येते. तेथे अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे आणि वर रतनगड, ज्याच्या उतारावर प्रवरा उगम पावते. पावसाळ्यात या रस्त्यावर प्रत्येक वळणाला नवा ओहळ कोसळत असतो. त्यांना नावे नाहीत, आणि ते बरेच आहे. जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला घाटघर. वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात. सरळ रेषेत साठ किलोमीटरवर असलेल्या संगमनेरला त्याच्या दशांश पडला तरी पुष्कळ म्हणायचे. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहिले की एका बाजूचे पाणी पूर्वेला प्रवरेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जाते आणि दुसऱ्या बाजूचे कोकणात उतरून अरबी समुद्राला. साम्रदजवळची सांदण दरी ही त्या दुसऱ्या बाजूची. दोन उंच कातळभिंतींमधली ही अरुंद भेग कोकणाच्या दिशेने उतरत जाते. ती आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी आहे असे जो तो सांगतो. मोजली कोणी, हे कोणीही सांगत नाही. पावसाळ्यात तिच्यात उतरणे म्हणजे मरण ओढवून घेणे होय. हिवाळ्यात, दुपारी थोडा वेळ ऊन आत शिरते तेव्हा भिंतींचे तांबूस-करडे रंग उजळतात आणि तोच तिच्या चित्रणाचा समय.

घाटघरला आणखी एक नवल आहे. २५० मेगावॅट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात कड्यावरचे पाणी कोकणातल्या खालच्या जलाशयात सोडून वीज काढतात आणि विजेची मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. २००८ पासून हा उलटसुलट धबधबा डोंगराच्या पोटात चालू आहे. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

आता पाण्याच्या वाटपाकडे वळू. विल्सन धरण आणि रंधा यांच्या खाली निळवंडे धरण आहे, साठा सुमारे सव्वाआठ अब्ज घनफूट. कल्पना १९७० ची. डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले तेव्हा प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटी रुपयांवर पोहोचला होता आणि १८२ गावांना लाभ होईल असे सांगण्यात आले. मधल्या अर्धशतकात ज्या दुष्काळी गावांनी त्या कालव्याची वाट पाहिली त्यांची एक पिढी मातीआड झाली. याच काळात नाशिक आणि नगर जिल्ह्यांत जायकवाडीच्या वरच्या अंगाला साठवण वाढत गेली आणि कमी पावसाच्या वर्षी नाथसागर रिकामा राहू लागला. २००५ साली राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातल्या सर्वांनी टंचाई समन्यायाने वाटून घ्यावी हे तत्त्व त्यात घातले. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्या तत्त्वाला आकडा दिला. खरिपातील वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडावे. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले.

पुढे २०२३ चे कमी पावसाचे वर्ष आले. ३० ऑक्टोबरला ८.६०३ अब्ज घनफूट सोडण्याचा आदेश निघाला. त्यात प्रवरेच्या वाट्याला, म्हणजे भंडारदरा, निळवंडे, आढळा आणि भोजापूर मिळून, ३.३६ अब्ज घनफूट आले. निळवंड्याच्या कालव्याचे लोकार्पण होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मोर्चे, रास्ता रोको, न्यायालयात धाव, सारे यथासांग पार पडले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी सुटले. अर्ज करणारे, विरोध करणारे आणि निकालाकडे डोळे लावून बसलेले, यांतले कितीतरी जण त्याच वर्षीच्या श्रावणात रंध्याच्या कठड्यावर एकमेकांना खेटून उभे असतील आणि एकमेकांची छायाचित्रे काढून देत असतील.

मराठवाड्याच्या माणसाने या प्रश्नात मराठवाड्याची बाजू घ्यावी हे स्वाभाविक आहे आणि मीही ती घेतो. कायद्याने ठरलेले पाणी दरवर्षी भांडून मागावे लागणे हे कायद्याच्या राज्याला शोभत नाही. तथापि पलीकडच्या शेतकऱ्याचे म्हणणेही खोटे नाही. नदीपात्रातून सोडलेले पाणी टोक्यापर्यंत येईतो बरेच मुरते, उथळ आणि विस्तीर्ण नाथसागरातून उन्हाळ्यात प्रचंड बाष्पीभवन होते, आणि आम्ही ते पाणी कसे वापरतो याचा जाब आम्हांला कोणी विचारत नाही. आमच्या कालव्यांच्या गळतीकडे पाहिले तर तो विचारला जावा असे वाटते. पण या भांडणात एक तिसरा पक्ष आहे, त्याला कोणीच बोलावत नाही. तो म्हणजे डोंगरमाथ्यावरचा महादेव कोळी आणि ठाकर समाज. पाच हजार मिलिमीटर पाऊस त्यांच्या छपरावर पडतो. त्यांच्या जमिनीवर जलाशय उभे राहिले. आणि चैत्र-वैशाखात त्याच वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन पाण्यासाठी दऱ्या उतरतात. अॅडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे कोडे घातले होते, की ज्यावाचून जगता येत नाही ते स्वस्त आणि ज्यावाचून सहज जगता येते ते महाग असे का? घाटघरच्या वाडीत वैशाखात उभे राहून ते कोडे वाचले तर त्यातला विनोद नाहीसा होतो.

पर्यटनामुळे या वाड्यांना काही मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाटाडे, तंबू, तांदळाची भाकरी, भाजलेले कणीस, यांवर कित्येकांचा पावसाळा निघतो. परंतु खर्चाचा मोठा भाग बाहेरच्या मालकीच्या उपाहारगृहांत आणि पेट्रोलपंपांवर जातो आणि मागे राहतो तो कचरा, वाहनांची कोंडी आणि दुर्घटना. दुर्घटनांचे मूळ पुष्कळदा छायाचित्रातच असते. कड्याची उंची दिसावी म्हणून चौकटीत माणूस लागतो आणि तो जितका काठाशी तितके चित्र परिणामकारक. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण लोंढ्यात वाहून गेले. त्यानंतर महिना उलटायच्या आत रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्यापाशी चित्रफीत घेताना एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली. अशा घटनेनंतर प्रशासन सरसकट बंदीचा हुकूम काढते, पोलीस दोन रविवार उभे राहतात, तिसऱ्या रविवारी पूर्ववत. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही, वरच्या माथ्यावरच्या सरीने, काही मिनिटांत वाढते, ही साधी गोष्ट शाळेच्या भूगोलाच्या तासाला शिकविली तर बंदीहून अधिक जीव वाचतील. शिक्षक वाचकांनी हे मनावर घ्यावे.

बंदीऐवजी काय करावे, याचे एक उदाहरण साताऱ्याजवळ कास पठारावर आहे. फुलांच्या हंगामात तेथे दररोज येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात, प्रवेशशुल्क घेतात आणि व्यवस्था भोवतालच्या गावांच्या वनसमित्या वनखात्याच्या साहाय्याने पाहतात. रंधा, अंब्रेला आणि सांदण येथे असे का करू नये? शुल्काचा पैसा ग्रामसभेच्या हाती जावा आणि त्याचा पहिला विनियोग त्याच वाड्यांच्या उन्हाळी पाण्यासाठी व्हावा, एवढी अट घालावी. शंभर रुपये द्यायला आमच्यापैकी कोणाची ना नसावी. तेवढ्याचे तर आपण वाटेत वडे खातो. दुसरी मागणी पाटबंधारे खात्याकडे. अंब्रेला फॉलपाशी आणि रंध्यापाशी एक काळा फलक लावून त्यावर रोज खडूने लिहावे, की आज धरणात साठा किती, मोरीतून किती क्युसेक सोडले, त्यातले कोणत्या कालव्याला, वीजघराला आणि नदीला किती. ही माहिती खात्याकडे रोज असतेच. खडूचा खर्च फार नाही.

हौशी छायाचित्रकारांनाही एक काम सुचवावेसे वाटते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी या वर्षी ते करून पाहण्याचे ठरविले आहे. एकाच धबधब्याची शंभर चित्रे काढण्याऐवजी एका नदीची बारा काढायची. रतनगडचा ओहळ, अंब्रेला चालू असताना आणि बंद असताना, रंध्याची घळ जुलैत आणि तीच पुन्हा मेमध्ये, हंडा घेऊन उतरणारी वाट, निळवंड्याचा कालवा, ओझरचा बंधारा, लोणीचा ऊस, टोक्याचा संगम आणि बिडकीनच्या उद्योगनगरीतली नळजोडणी. बारावे चित्र पैठणला, १५ ऑक्टोबरला, जलाशयाची पातळी दाखविणाऱ्या पट्टीचे. धरणाच्या भिंतीवर जायला आणि तेथे कॅमेरा वापरायला परवानगी लागते. तिचा अर्ज आताच करून ठेवलेला बरा.